बटण दाबल्यापासून गेम सुरू होईपर्यंत: स्वतः जोडलेल्या गेमिंग पीसीची दुखणी कशी ओळखायची

स्वतः असेंबल केलेला गेमिंग पीसी पहिल्यांदा सुरू झाला नाही, की संशय आधी सगळ्यात महागड्या भागावर जातो. ग्राफिक्स कार्ड गेलं असणार, नाहीतर प्रोसेसर. खरं तर नवे असताना हे दोन्ही भाग क्वचितच दगा देतात. अर्धवट बसलेली रॅम, लावायची राहिलेली वायर, भलत्याच ठिकाणी खोचलेली मॉनिटरची केबल, हेच नेहमीचे गुन्हेगार. पण गुन्हेगारांची यादी पाठ करूनही काम भागत नाही, कारण आपल्या समोरचं प्रकरण त्यातलं कुठलं हे यादीवरून कळत नाही. त्यासाठी पीसी सुरू होण्याचा क्रम माहीत हवा.

हा क्रम ठरलेला आहे. आधी वीज येते, मग प्रोसेसर कामाला लागतो, मग रॅमची तपासणी, मग ग्राफिक्स, मग डिस्क, त्यानंतर विंडोज, ड्रायव्हर आणि सगळ्यात शेवटी गेम. आधीची पायरी पार झाल्याशिवाय पुढची येत नाही. त्यामुळे ‘काय बिघडलं?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवून ‘कुठे अडकलं?’ हे आधी पाहायचं. विंडोजपर्यंत पोचलेल्या पीसीत मदरबोर्डला वीज देणारी २४ पिनची केबल तपासत बसण्यात अर्थ नाही, आणि ज्याचा पंखासुद्धा हलत नाही त्याच्या ड्रायव्हरची चर्चा करण्यातही नाही.

वीज

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, भिंतीतली एसी वीज घेतो आणि १२, ५ व ३.३ व्होल्टची डीसी वीज देतो. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर जगतात, म्हणून जवळजवळ सगळा भार तिथेच असतो. एसएमपीएसच्या मागचा स्विच चालू असला की पीसी बंद असतानाही ५ व्होल्टची स्टँडबाय वीज मदरबोर्डपर्यंत पोचत असते. तुम्ही कॅबिनेटचं बटण दाबता तेव्हा बोर्ड २४ पिनच्या केबलमधली एक तार ग्राउंडला जोडतो. जुन्या रंगीत केबलींमध्ये ती हिरवी असते, सगळ्या काळ्या असलेल्या केबलींमध्ये १६ क्रमांकाची पिन. एसएमपीएससाठी हाच ‘सुरू हो’चा इशारा. मग तो व्होल्टेज स्थिर करतो आणि साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत ‘पॉवर गुड’ हा संकेत बोर्डाला पाठवतो. हा संकेत येईपर्यंत प्रोसेसर रीसेटमध्येच अडवून ठेवलेला असतो.

एवढं माहीत असलं तरी बरंच निदान होतं. बटण दाबलं आणि ना पंखा, ना दिवा, तर प्रोसेसर आणि रॅम या गोष्टीत आलेच नाहीत. मागचा स्विच, भिंतीतला सॉकेट, २४ पिनची केबल खटकन आवाज येईपर्यंत बसली आहे का, एवढं पाहायचं. मग कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात योग्य दोन पिनांवर आहे का ते बघायचं. त्या पिना इतक्या जवळ आणि इतक्या छोट्या अक्षरांत छापलेल्या असतात, की बोर्डाचं पुस्तक उघडल्याशिवाय हात लावूच नये. शंका असेल तर ती वायर काढून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिना क्षणभर एकमेकींना टेकवायच्या. तिथे अगदी कमी व्होल्टेजचा संकेत असतो, धोका नाही. तेवढ्याने पीसी सुरू झाला तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत.

तरीही काही नाही? मग एसएमपीएस सगळ्या भागांपासून सोडवून १६ क्रमांकाची पिन शेजारच्या ग्राउंडला पेपरक्लिपने जोडून बघतात. एसएमपीएसचा पंखा फिरला तर तो निदान सुरू होतोय. या चाचणीवर मात्र फार विसंबू नये. काही नव्या एसएमपीएसचे पंखे भार कमी असताना मुद्दाम बंद राहतात, आणि रिकामा फिरणारा एसएमपीएस भाराखाली टिकेल याची खात्री पंखा देत नाही. त्याचं झाकण उघडून बघायचा मोह झालाच तर तो तिथेच सोडावा. आतले कपॅसिटर वीज काढल्यानंतरही जीवघेणा चार्ज धरून ठेवू शकतात.

पंखे क्षणभर फिरून लगेच थांबत असतील तर चित्र वेगळं. एसएमपीएस सुरू झाला आणि कुठेतरी शॉर्ट दिसताच त्याने स्वतःला बंद केलं, असा त्याचा बहुधा अर्थ. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून वर धरणारे पितळी स्टँडऑफ असतात. बोर्डाला भोक नाही अशा जागी एखादा जादा राहिला की तो मागच्या सोल्डरला टेकतो. बोर्ड बाहेर काढायचा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा आणि फक्त प्रोसेसर, कूलर व एक रॅम लावून सुरू करायचा. बाहेर चालला तर दोष कॅबिनेटमधल्या बसवणुकीत.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. पंखे मजेत फिरतात, रंगीत दिवे झगमगतात, पण पुढे काहीच होत नाही. प्रोसेसरसाठी बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनची वेगळी केबल लागते आणि ती लावायची राहून जाते, कारण कूलर बसवल्यावर तो कोपरा दिसतही नाही. पंख्यांना २४ पिनमधून वीज मिळते, प्रोसेसर उपाशी. ग्राफिक्स कार्डाचीही ८ पिनची केबल असते आणि ती जुळी बहीण वाटते, पण पिनांचे आकार वेगळे असतात. जात नसेल तर जोर लावायचा नाही.

एसएमपीएस निवडताना लोक बेरीज करतात: प्रोसेसर एवढे वॅट, कार्ड एवढे वॅट, वर थोडं. बेरीज बरोबर असते, पण ती सरासरीची असते. आधुनिक ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी स्वतःच्या ठरलेल्या मर्यादेच्या बरंच वर उसळतं. म्हणून २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात ठोस अट आहे: एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. जुन्या धाटणीचा एसएमपीएस अशा उसळीला ओव्हरलोड समजतो आणि जड प्रसंगात पीसी फट्‌दिशी बंद होतो, निळा स्क्रीनसुद्धा न दाखवता. आणि हो, ८० प्लसच्या गोल्ड-ब्रॉन्झ पट्ट्या वीज किती वाया जाते ते सांगतात. उसळी सोसण्याबद्दल त्या काही बोलत नाहीत.

कार्डाला वीज कुठून किती येते, हेही बघून ठेवावं. स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनच्या केबलमधून ७५, ८ पिनच्या केबलमधून १५०. नव्या मोठ्या कार्डांवर १६ पिनचा एकच कनेक्टर असतो आणि तो ६०० वॅटपर्यंत वाहतो. १२ व्होल्टला ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, आणि तो प्रवाह सहा बारीक पिनांमधून जातो, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला आठ अँपिअरहून जास्त. एखाद-दुसरी पिन नीट टेकली नाही की तिचा वाटा इतरांवर पडतो आणि त्या तापतात. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांचे कनेक्टर वितळल्याची प्रकरणं गाजली, त्यात पूर्ण न बसलेली केबल हे मोठं कारण निघालं. पुढच्या सुधारित कनेक्टरमध्ये संकेताच्या पिना मुद्दाम आखूड केल्या, म्हणजे केबल अर्धवट असेल तर कार्ड वीज ओढणारच नाही. आपल्या हातात एवढंच: फट दिसेनाशी होईपर्यंत दाबायचं आणि केबल कनेक्टरच्या अगदी तोंडाशी वाकवायची नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मी अडून बसेन. मॉड्युलर एसएमपीएसच्या सुट्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका, दोन्ही एकाच कंपनीचे असले तरी. केबलचं बोर्डाकडचं टोक मानकानुसार असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांचा क्रम जो तो आपापला ठरवतो. केबल बसते छान, आणि डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात.

डिस्प्ले येत नाही

वीज ठीक असली की प्रोसेसर बायोस, म्हणजे बोर्डावरच साठवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, वाचतो आणि बायोस एकेक भाग तपासतो. बऱ्याच बोर्डांवर यासाठी चार छोटे दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणं). तपासणी जिथे अडते तो दिवा पेटून राहतो. एवढी फुकटची मदत असूनही लोक ते दिवे पाहायचं विसरतात, कारण शेजारी पन्नास शोभेचे दिवे नाचत असतात.

रॅमच्या दिव्यावर अडलं तर आधी थांबा. डीडीआर५ या नव्या पिढीची रॅम पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड वेळेची बारीक जुळणी करतो, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएमडीचा एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसायची बोर्डावरची जागा) २०२२ मध्ये आला तेव्हा या कामाला कित्येक मिनिटं लागत आणि तेवढा वेळ स्क्रीन काळा असे. घाबरून बंद केलं की जुळणी पुन्हा पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटं वाट बघूनही काही झालं नाही, तर रॅम काढून पुन्हा बसवा. एका बाजूची खुंटी मिटलेली दिसते, पण दुसरी बाजू वर राहिलेली असते. मग एकच पट्टी लावून बघा, नंतर दुसरी.

दोन पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. बहुतेक बोर्डांवर संकेताची तार जवळच्या स्लॉटमधून लांबच्या स्लॉटपर्यंत जाते. लांबचा स्लॉट रिकामा ठेवला तर तारेच्या मोकळ्या टोकावरून संकेत परावर्तित होतो आणि गोंधळ घालतो. दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या तर बऱ्याचदा त्या एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एकीवरच, जातात. पीसी चालतो, पण रॅमचा वेग अर्ध्यावर येतो आणि ते वर्षानुवर्षं कळतही नाही.

प्रोसेसरच्या दिव्यावर अडलं तर एक शक्यता बायोस जुना असण्याची. सॉकेट जुळला म्हणजे ओळख पटलीच असं नाही. २०१७ चा एएम४ बोर्ड २०२० मध्ये आलेल्या रायझन ५००० मालिकेला जागा देतो, पण अपडेटशिवाय ओळखत नाही. काही बोर्डांवर प्रोसेसर न चालवताच पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याचं बटण असतं. ते आहे का हे विकत घेतानाच बघावं. दुसरी शक्यता वाकलेल्या पिनांची. इंटेलच्या आणि एएम५च्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, एएम४ मध्ये प्रोसेसरच्या पोटाला. तिरप्या उजेडात बघितलं की रांगेत न बसणारी पिन डोळ्यात भरते.

सगळे दिवे विझले, विंडोज सुरू झाल्याचा आवाजही आला, पण स्क्रीन काळाच? मॉनिटरची केबल बोर्डाला लावली असेल. ती ग्राफिक्स कार्डाला हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी एफ असतो त्यांत अंगचं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे तिथून चित्र येणं शक्य नाही. इतर प्रोसेसरांत मात्र चित्र येऊ शकतं आणि मग तक्रार वेगळी होते: एवढं मोठं कार्ड लावूनही गेम अडखळतोय. कारण गेम त्या कार्डावर चालतच नसतो.

बायोसमध्ये काही बदल केल्यावर डिस्प्ले गेला असेल तर सीएमओएस क्लिअर करायचं, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून मूळ पदावर आणायची. वीज काढायची, बोर्डावरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवायची, किंवा त्यासाठी दिलेल्या दोन पिना जोडायच्या.

डिस्कबद्दल थोडक्यात. एम.२ डिस्क (थेट बोर्डात खोचायची पट्टी) लावल्यावर आधीची साटा डिस्क (केबलने जोडलेली) दिसेनाशी झाली तर ती मेली असं समजू नका. अनेक बोर्डांवर दोघी एकच मार्ग वाटून घेतात, आणि कुठल्या स्लॉटमुळे कुठला पोर्ट बंद होतो ते पुस्तकात दिलेलं असतं. विंडोज टाकताना मात्र एकच डिस्क जोडलेली ठेवावी, नाहीतर बूटची फाइल भलत्याच डिस्कवर जाऊन बसते.

तापमान

कूलरचा तळ आणि प्रोसेसरचं झाकण डोळ्यांना सपाट वाटले तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णतेची अत्यंत वाईट वाहक आहे. थर्मल पेस्ट तांब्याच्या मानाने काहीच नाही, पण हवेच्या शंभरपट तरी चांगली. म्हणून मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरतो. थोडी जास्त झाली तर बाहेर येते, बिघडत काही नाही. कमी पडली तर मात्र कोपरे कोरडे राहतात.

तापमानाचा आकडा पाहून घाबरण्याआधी त्या प्रोसेसरची मर्यादा बघावी. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत, इंटेलच्या १३व्या पिढीत मर्यादा १०० आहे. आकड्यापेक्षा तो कसा चढतो हे जास्त बोलकं असतं. काहीही चालू नसताना काही सेकंदांत नव्वदी गाठली, तर कूलर प्रोसेसरला टेकलेलाच नाही: स्क्रू सैल आहेत, पाण्याच्या कूलरचा पंप बंद आहे, किंवा तळावरची पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काढायची राहिली आहे. याउलट गेम सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू तापमान चढत गेलं, तर कूलर काम करतोय पण कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाही. बाजूचं झाकण उघडून तोच गेम पुन्हा चालवा. तापमान ठळकपणे उतरलं तर पंख्यांची दिशा आणि जाळ्यांवरची धूळ बघायची.

गेममध्येच बंद पडतो

इथवर सगळं ठीक असूनही गेम मध्येच बाहेर फेकत असेल, तर काम किचकट होतं. पडद्यावर दिसणारा संदेश तक्रार कुणी केली ते सांगतो, दोष कुणाचा ते नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की लोक एसएमपीएस बदलून मोकळे होतात. ती नोंद एवढंच म्हणते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. वीज गेली, रॅम चुकली, की तुम्हीच बटण दाबून धरलं, हे तिला ठाऊक नसतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचं. या प्रोसेसरांवर अनरियल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधले काही गेम सुरू होतानाच ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असं सांगून बंद पडत. साहजिकच लोकांनी ग्राफिक्स कार्डाला धरलं, ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली. पण गेम सुरू होताना शेडरच्या (दृश्य कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) दाबून ठेवलेल्या फाइली उलगडण्याचं काम प्रोसेसर करतो. तो आकडेमोडीत चुकत होता आणि ती चूक पुढे ग्राफिक्सच्या नावाने बाहेर येत होती. मूळ कारण निघालं ते प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बायोस अपडेटमधून दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो बदलावाच लागतो. हे प्रोसेसर वापरणाऱ्याने आपला बायोस त्यानंतरचा आहे का, हे आजच बघावं.

माझा पहिला संशय मात्र रॅमवर असतो. खोक्यावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम आपोआप त्या वेगाने चालत नाही. ती ४८०० सारख्या सावध वेगाने सुरू होते आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमची तयार सेटिंग चालू केल्यावर छापलेला वेग गाठते. हा वेग म्हणजे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने पळवणं. चार पट्ट्या लावल्या की तो टिकवणं आणखी अवघड होतं. म्हणून कारण न सांगता गेम बंद पडत असतील तर आधी एक्सएमपी बंद करून दोन दिवस खेळून बघायचं. दुखणं थांबलं तर दिशा मिळाली: वेग एक पायरी कमी करा किंवा बायोस अपडेट करा. रॅमची पक्की तपासणी करायला पेनड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट८६ आहे. रात्रभर चालवावं, आणि एकही चूक निघाली तरी ती मोजायची.

बाकी भागांची परीक्षा वेगवेगळी घ्यायची. प्राइम९५ फक्त प्रोसेसरला राबवतं, फरमार्क फक्त कार्डाला. दोन्ही एकेकटे तासभर तग धरतात आणि एकत्र चालवल्यावरच पीसी बंद पडतो, असं झालं तर एसएमपीएसवर संशय घ्यायला आधार आहे. शेजारी एचडब्ल्यूइन्फो हा आकडे टिपणारा प्रोग्राम चालू ठेवला की तापमानाची नोंद फाइलमध्ये राहते आणि पीसी बंद पडण्याआधीचे शेवटचे आकडे नंतर वाचता येतात. ड्रायव्हरवर शंका असेल, विशेषतः एका कंपनीचं कार्ड काढून दुसरीचं लावलं असेल, तर विंडोजच्या सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर मुळासकट काढावा आणि नवा टाकावा. या सगळ्यात पथ्य एकच: एका वेळी एकच बदल. ड्रायव्हर, बायोस आणि रॅम एकदम बदलली आणि पीसी सुधारला, तर कशाने ते कळत नाही, आणि दुखणं परत आल्यावर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

चालतो, पण अडखळतो

हा बिघाड नसतो, बहुधा असमतोल असतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, १४४ फ्रेम म्हणजे ६.९. तेवढ्या वेळात प्रोसेसरने दृश्यात काय कुठे आहे ते ठरवायचं आणि कार्डाने ते रंगवायचं. कोण मागे पडतंय हे शोधायची सोपी युक्ती: गेमचं रिझोल्युशन एकदम कमी करा. फ्रेम वाढल्या तर कार्ड दमत होतं. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर अडसर प्रोसेसरचा किंवा रॅमचा आहे आणि नवं कार्ड घेऊन हाती काही लागणार नाही. सरासरी फ्रेम भरपूर असूनही मधेच हिसके बसत असतील तर कार्डाची मेमरी भरली आहे का बघा. गेममधली टेक्श्चरची (पृष्ठभागांवरच्या चित्रांची) पातळी एक पायरी उतरवून हिसके थांबले तर तेच कारण. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आकडा तपासा. कितीतरी मॉनिटर आयुष्यभर ६० वरच चालतात.

एखादा भाग खरोखरच दोषी निघाला आणि वॉरंटीत पाठवायचा असेल, तर कुठल्या चाचणीत काय झालं त्याची नोंद आणि पडद्याचे फोटो सोबत द्या, म्हणजे ‘आमच्याकडे चालतो’ असं उत्तर येण्याची शक्यता कमी होते. मदरबोर्ड पाठवताना सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण परत लावा आणि त्याआधी सॉकेटमधल्या पिनांचे फोटो काढा. पिना वाकलेल्या आढळल्या तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि त्या वाटेत वाकल्या की आधीच वाकलेल्या होत्या, हे फोटोंशिवाय सिद्ध करता येत नाही.